काचेमागचा खोगीरवाला

त्याला साधी शिंक आली तरी गल्लीच्या पोटात गोळा यायचा. चहावाला आल्याचा काढा घेऊन धावायचा, समोरची लॉजवाली गरम पाण्याची पिशवी पाठवायची आणि त्याचा स्वतःचा मुलगा, बापाच्या कपाळाला हात लावायचा सोडून, आधी घड्याळात बघायचा. एवढं प्रेम! नवख्या माणसाला वाटावं, काय पुण्यवान आहे हो हा. पुण्य कसलं डोंबलाचं. दुभत्या म्हशीला शिंक आली तर गोठ्यात जशी धावपळ होते, तशी ही धावपळ होती.

हा माणूस ओझ्याची खोगिरं बनवायचा. बसायची नव्हे, ओझं लादायची. फार पूर्वी या गावातून मीठ, कापड आणि तांबं लादलेल्या खेचरांचे तांडे खिंडीकडे जायचे. सहा वर्षांपूर्वी सरकारदरबारी कुणाला तरी त्या वाटेची आठवण झाली, ‘जुना व्यापारी मार्ग’ नावाचा प्रकल्प निघाला आणि पर्यटकांच्या बसेस सुरू झाल्या. गाव झालं थांबा क्रमांक सात. त्याच्या दुकानाची पुढची भिंत पाडून तिथे काच बसवली. काचेच्या वर फळा लागला: ‘या मार्गावरचा शेवटचा खोगीर कारागीर’. काचेच्या आत दहा ते पाच तो बसायचा. अंगात तपकिरी अंगरखा, डोक्याला जाडंभरडं गुंडाळलेलं कापड, मांडीवर अर्धवट भरलेलं खोगीर. बापजन्मात त्यांच्या घरात कुणी असला अंगरखा घातला नव्हता. पहिल्या वर्षी तो हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मग मुलानेच समजावलं, ‘‘बाबा, लोकांना आवडतो ना? मग झालं तर.’’ मुलगा प्रकल्पात गाइड होता. काचेबाहेर उभा राहून तो बापाकडे काठी दाखवायचा आणि म्हणायचा, ‘‘हे कारागीर.’’ दिवसभर ‘हे कारागीर’ आणि संध्याकाळी जेवताना ‘बाबा, मीठ द्या’.

आता हे सगळं झालं कसं, ते सांगायला हवं, कारण दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसं झालं.

त्याच्या बापाने त्याला धंदा शिकवला, पण तोवर पलीकडच्या दरीतून ट्रकचा रस्ता झाला होता. खेचरं उरली ती फक्त वरच्या वाड्यांपुरती, जिथे आजही चाक जात नाही. मग त्याने एक दणकट शिलाई मशीन घेतली आणि ट्रकच्या सीटा शिवायला लागला. ज्या ट्रकनी त्याच्या धंद्याच्या पोटावर पाय दिला, त्यांच्याच सीटांवर त्याने पोट भरलं. लोक त्याला ‘सीटवाला’ म्हणायचे. मशीन दुकानाच्या दारात, ड्रायव्हर लोकांच्या गप्पा, मनात आलं की शटर ओढून चालू पडायचं. सुखाचे दिवस होते. सुख आहे हे कळायला ते जावं लागतं, दुसरं काय.

वर्षाकाठी सात-आठ खोगिरं तेव्हाही व्हायची, वाड्यांवरच्या खेचरवाल्यांसाठी. त्यातली शिवण त्याची असायची. भरण मात्र बायकोचं. हे नीट ऐका, कारण खोगिरात खरी मेख भरणाचीच असते. प्रत्येक जनावराची पाठ वेगळी. एखादीचा खांद्यामागचा उंचवटा टोकदार, एखादीची डावी बाजू बसकी. पेंढा कुठे घट्ट ठासायचा, कुठे नुसता हवेसारखा सोडायचा, हे तळहाताला कळावं लागतं. खोगीर चढवून, ओझं लादून, जनावराला चालवून, पुन्हा उसवून, पुन्हा भरायचं. सासऱ्याने पोराचा हात पाहिला आणि मुकाट्याने सुनेला शिकवायला घेतलं. ‘‘याचा हात टाक्याचा आहे, तुझा पाठीचा,’’ असं म्हातारा म्हणाला होता. बाईच्या पायाला भिंगरी, घरात घटकाभर टिकायची नाही. पेंढा कापायला नदीकाठी, खेचराची पाठ बघायला वाडीवर, जाता जाता बहिणीकडे. पण जनावराच्या पाठीवर हात ठेवला की अशी थांबायची, जणू कुणी कानात काही सांगतंय.

मग एक दिवस प्रकल्पाच्या मॅडम आल्या, सोबत कॅमेरावाले दोघं. बाई गोड बोलायच्या, मनाने वाईट नव्हत्या. सगळं बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘तुमच्याशिवाय हे काम आणखी कुणाला येतं?’’

कॅमेरा सुरू होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला ‘कलाकार’ म्हटलं होतं. त्याने छाती पुढे काढली. ‘‘कुणाला नाही. मी शेवटचा.’’

बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिने ट्रे स्टुलावर ठेवला आणि आत गेली. त्या दिवशी ती काही बोलली नाही, आणि नंतरही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीदा तरी वाटलं.

‘शेवटचा’ झाला आणि अडकला. प्रकल्पाचा नियम होता की कारागीर रोज काम करताना दिसला तरच थांबा चालू राहणार. मशीन जुन्या काळातली नाही म्हणून आधी ती मागच्या खोलीत गेली, मग विकली गेली. त्याच्या बसण्यावर मुलाची नोकरी, चहावाल्याची टपरी, लॉज, बोटाएवढी खोगिरं किल्लीला अडकवून विकणारं दुकान. धाकट्या मुलीला बाळ झालं, तर नातवाचं तोंड त्याने चार महिन्यांनी पाहिलं, तेही ती घेऊन आली म्हणून. सोडावं तर अख्खी गल्ली उपाशी, न सोडावं तर आपण असे बरणीतल्या लोणच्यासारखे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आणि काम म्हणाल, तर तेही काम राहिलं नव्हतं. लोकांना खोगीर भरताना बघायला आवडायचं. ते पुरं झालं की गंमत संपली. म्हणून दिवसभर पेंढा ठासायचा आणि पाचला उसवून तोच पेंढा काढून ठेवायचा, उद्यासाठी. दिसायला गुबगुबीत हवं, फोटोत छान येतं, असंही सांगून ठेवलं होतं. निव्वळ खोगीरभरती! पेंढ्याची काडी एकदा ठासली की तिच्यात जीव असतो, दुसऱ्यांदा ठासली की मोडते, दहाव्यांदा तिचा भुसा होतो. हे त्याला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण काचेमागे जनावरच नव्हतं, मग पाठ कुणाची दुखणार?

त्या वर्षी प्रकल्पाने नवीन टूम काढली. पर्यटकांनी खऱ्या खेचरांसोबत खिंडीपर्यंत चालायचं, तीन दिवस, जुन्या व्यापाऱ्यांसारखं. त्यासाठी प्रकल्पाची माणसं दुकानातली पाच खोगिरं घेऊन गेली. ‘‘फोटोपुरती आहेत ना?’’ त्याने विचारलं. ‘‘हो हो, फोटोपुरतीच,’’ मुलगा म्हणाला. विचारताना त्याने मुलाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं.

आठवड्याने, भर दुपारी, काचेबाहेर गर्दी असताना वरच्या वाडीचा खेचरवाला आला. सोबत त्या सहलीला नेलेलं त्याचं खेचर. लोकांना वाटलं, कार्यक्रमातलंच आहे. त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली. खेचरवाल्याने कुणाकडे न बघता जनावराच्या पाठीवरचं तरट उचललं. खांद्यामागे तळहाताएवढी कातडी सोलली होती. लाल, ओली, माश्या बसलेली. फोटो काढणारे हात खाली आले.

‘‘काका, तुमचं खोगीर आहे,’’ खेचरवाला म्हणाला. ओरडला नाही. ‘‘तुमचं म्हणून मी आत हातसुद्धा घालून बघितला नाही. माझ्या बापानेही कधी घातला नव्हता.’’

तो काचेमागून उठला. सहा वर्षांत भरल्या गर्दीतून तो असा कधी उठला नव्हता. ‘‘बाबा, आत्ता नको,’’ मुलगा हळूच म्हणाला, पण तो बाहेर आलाच. जखमेच्या कडेला हात ठेवला तर खेचराची सगळी कातडी थरथरली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मागच्या दाराने बायकोही आली. तिने खेचरवाल्याने आणलेलं खोगीर उलटं केलं, शिवणीतून दोन बोटं आत घातली आणि बाहेर काढून नवऱ्यापुढे धरली. बोटांवर पिवळी भुकटी होती.

‘‘पेंढ्याची माती झालीय,’’ ती म्हणाली. ‘‘गोळा बनून एकाच जागी टोचलाय.’’

खेचरवाल्याकडे तेवढं एकच जनावर होतं. वाडीवरचं पीठ, मीठ, रॉकेल, औषधं सगळं त्याच्याच पाठीवरून जायचं. जखम हाडापर्यंत गेली तर ते कायमचं कामातून जाणार आणि त्याच्याबरोबर हा माणूसही. उपाय एकच होता: या पाठीच्या मापाचं नवीन खोगीर, जखमेवर पोकळी ठेवून भरलेलं, आणि खोगीर करणाऱ्याने तीन-चार दिवस जनावराबरोबर चालायचं. कोसाकोसाला थांबून उतरवायचं, बघायचं, काढायचं, भरायचं. त्याने तिथेच शब्द दिला, ‘‘मी येतो. पाठ मी लावली, मीच बरी करणार.’’ इतक्या वर्षांत त्याला एवढं खरं काही वाटलं नव्हतं.

शब्द देणं सोपं असतं हो. मॅडमना फोन केला, तर त्या जवळजवळ रडायच्याच बाकी राहिल्या. ‘‘काका, परवा पाहणी समिती येतेय! मार्ग मोठ्या यादीत जायचा की नाही ते ठरणार. आणि सातव्या थांब्यावर कारागीरच नाही? आपण जनावरांचा डॉक्टर पाठवू ना.’’ डॉक्टर मलम लावेल; खोगीर कोण भरेल? हे त्यांना समजावता समजावता त्याचा घसा बसला. मुलाने हात जोडले, ‘‘बाबा, आठ दिवस थांबा फक्त.’’ जखम आठ दिवस थांबते का? चहावाला आला, लॉजवाली आली. कुणी रागावलं नाही. सगळे काकुळतीला आले होते, आणि काकुळतीला आलेल्या माणसाला झिडकारता येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

खेचरवाला मागच्या अंगणात जनावर बांधून गपचूप बसला होता. बायकोने जखम धुतली, हळद-तेल लावलं. तो दारात उभा राहून बघत होता. आणि तेव्हा त्याला सुटकेची वाट दिसली. वाट सहा वर्षं समोरच होती. फक्त तिच्यावरून जायला स्वतःचं थोबाड फोडून घ्यावं लागणार होतं.

पाच वाजले, शेवटची बस गेली. मॅडम समजूत काढायला स्वतः आल्या होत्या. त्याने डोक्याचं कापड काढून मांडीवर ठेवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, ‘‘मॅडम, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. मी शेवटचा नाही. हिलाही येतं. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा हिलाच येतं. मी नुसता टाके घालतो.’’

मॅडम बाकावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे फळा, पुस्तिका, समितीचा अहवाल असं सगळं एकदम येऊन गेलं असणार. मुलाने आईकडे असं पाहिलं, जणू ती आत्ताच परगावाहून आली आहे. काय म्हणावं याला! त्याच आईने ठासलेल्या पेंढ्यावर त्याच्या शाळेच्या फिया निघाल्या होत्या.

पण मॅडम हुशार. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. ‘‘अहो, मग प्रश्नच मिटला! काकू बसतील काचेमागे. काका, तुम्ही चार दिवस जाऊन या. उलट समितीला जास्तच आवडेल. काकू, तुमच्या मापाचा पोशाख उद्यापर्यंत मी करून घेते.’’

त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. पाय आधीच चालायला लागल्यासारखे शिवशिवले. खिंड, वाऱ्याचा आवाज, जनावराच्या पाठीवर आपला हात. तो बायकोकडे बघून हसला.

ती हसली नाही. हात पदराला पुसत म्हणाली, ‘‘मी नाही बसणार.’’

‘‘अगं, चारच दिवस—’’

‘‘चार दिवस म्हणूनच तुम्हीही बसला होता. काचेमागे बसलेल्या माणसाचं काय होतं, ते मी रोज बघतेय. मला कशाला त्यात घालता?’’

‘‘मग जनावराचं काय?’’

‘‘जनावराबरोबर मी जाते.’’

‘‘तू?’’

‘‘तुम्हीच म्हणालात ना आत्ता, की मलाच येतं?’’ तिचा आवाज चढला नव्हता. ‘‘मग ज्याला येतं त्याने जावं. सहा वर्षं मी गप्प बसले ते कळत नव्हतं म्हणून नाही. तुम्ही कधी बोलता, ते बघत होते. आज बोललात, पण तेही स्वतःला जायचं होतं म्हणून बोललात.’’

सुटण्यासाठी म्हणून त्याने आयुष्यात एकदा धडधडीत खरं सांगितलं, आणि त्या खऱ्यानेच दाराला बाहेरून कडी घातली. मॅडमना काही फरक पडत नव्हता. दोघांतलं एक जण काचेमागे असलं म्हणजे झालं. मुलगा तर सुटकेचा श्वास टाकून समितीच्या चहापाण्याचं बोलायला लागला होता.

त्या संध्याकाळी अंगणात दोघांनी मिळून खोगीर केलं. नवा, लांब काडीचा पेंढा, खालून जुन्या लोकरीचा थर. त्याने तरट बेतलं, वादी लावली, टाके घातले. ती डोळे मिटून भरत होती. एक हात खोगिरात, एक हात खेचराच्या पाठीवर. मध्येच म्हणायची, ‘‘इथे दोन टाके सोडा,’’ की तो सोडायचा. किती दिवसांनी त्याच्या टाक्याला काही अर्थ आला होता. त्याला हुंदका आला, तो त्याने खोकल्यात लपवला. खेचरवाला म्हणाला, ‘‘काकू, हे बसलं बघा.’’ ‘काका’ म्हणाला नाही. बरोबरच होतं.

सकाळी ती निघाली. खांद्याला पिशवी, पिशवीत दाभण, सुतळी आणि पेंढ्याची पेंडी. काचेसमोरून जाताना तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि खेचरामागून चढाला लागली. तो अंगरखा घालून बसलेला. तिची पाठ वळणाआड जाईपर्यंत तो बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी समिती आली. पाच माणसं, गळ्यात ओळखपत्रं. त्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी काचेजवळ येऊन काही विचारलं. मुलाने सांगितलं, ‘‘ते विचारतायत, तुम्ही या वाटेने खिंडीपर्यंत किती वेळा गेला आहात?’’

आता हा माणूस सहा वर्षं दिवसातून आठ वेळा त्या वाटेबद्दल सांगत आला होता. कुठे पाणी, कुठे चढ, व्यापारी कुठे थांबत. सगळी बापाकडून ऐकलेली आणि मॅडमनी लिहून दिलेली माहिती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

‘‘एकदाही नाही,’’ तो म्हणाला. ‘‘सांग त्यांना. काल जाणार होतो.’’

मुलाने क्षणभर बापाकडे पाहिलं. मग समितीकडे वळून, हसतमुखाने, त्यांच्या भाषेत दोन-तीन लांबलचक वाक्यं बोलला. गृहस्थ खूश झाले. त्यांनी काचेतून हात जोडले. मुलगा काय बोलला ते त्याने विचारलंही नाही, नुसता पेंढा ठासत राहिला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ती परतली. उन्हाने रापलेली, टाच फुटलेली, आणि चेहऱ्यावर असं काही, जे त्याने लग्नाच्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं. त्याने पाणी दिलं. आधी तो जनावराचंच बोलला.

‘‘सुकली जखम,’’ ती म्हणाली. ‘‘दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूला थोडं दाबत होतं, तिथे मूठभर काढला. तिसऱ्या दिवशी जनावर आपणहून पुढे चालायला लागलं.’’

‘‘आणि वाट?’’

‘‘वाट काय, वाटेसारखी वाट.’’ मग त्याचं तोंड बघून तिला राहवलं नाही. तिने सांगितलं. खिंडीच्या अलीकडे दगडांवर दोरांनी पडलेले खोल चरे आहेत, बोट आत जातं. वर पोचलं की वारा इतका, की बोललेलं ऐकू येत नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. एवढी वर्षं तो लोकांना सांगत होता की खिंडीत शांतता असते.

तेवढ्यात मुलगा आला, पेढ्यांचा पुडा हातात. मार्ग यादीत गेला होता. थांबा क्रमांक सात आणखी दहा वर्षांसाठी पक्का. मॅडम म्हणत होत्या, फळ्यावर आईचंही लिहू या.

‘‘नको,’’ ती म्हणाली. ‘‘फळ्यावर चढलं की माणसाला उतरता येत नाही. उरलेल्या चार खेचरांच्या पाठी तशाच लागल्यात. सोमवारी त्यांच्यासाठी निघतेय.’’

मुलगा आत गेला. अंगणात दोघंच उरले. ती फुटलेल्या टाचेला तेल चोळत होती. तो तिच्याजवळ बसला आणि लहान मुलाने विचारावं तसं विचारलं, ‘‘मी येऊ बरोबर? चार आहेत म्हणतेस. टाके घालायला तरी कुणी हवं.’’

तिने मान वर केली. हळू आवाजात म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही कसे याल?’’

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर तो भांडला असता.